शनिवारची पेज चालू ठेवू का? चार वर्षं झाली, फळ काही दिसत नाही

कणीची_पेज:

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस लिहू का नको असं चाललं होतं, आज लिहितेच. लांबड लागेल, सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वी सासूबाई आजारी होत्या म्हणून मी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला बसायचे. तिथं एका रात्री एक आजी दिसली, सुनेची नुकतीच डिलिव्हरी झालेली, आणि ही बिचारी हातात स्टीलचा तांब्या घेऊन गरम पाण्यासाठी गेटबाहेर या टपरीवरून त्या टपरीवर. एकजण म्हणाला चहा घेतला तरच पाणी मिळेल. तिच्याकडे चहाचेही पैसे नसावेत, कारण ती तशीच परत आली आणि तांब्या उशाशी ठेवून भिंतीला टेकून बसली. तो तांब्या माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस चालू होते, मी चर्चच्या महिला मंडळात विषय काढला आणि आम्ही पाचजणींनी ठरवलं की दर शनिवारी चार वाजता दोन मोठे थर्मास गरम पाणी आणि एक डेगचीभर कणीची पेज न्यायची. दोन किलो कणी, मीठ, जिरं, वरून चमचा दोन चमचे तूप. साधारण ऐंशी ग्लास होतात. कुणाला काही विचारायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत, कुणी म्हणालं तरच प्रार्थना करायची, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

आता पाचातल्या दोघी उरलोत. एकीची बदली झाली, एकीच्या घरी म्हातारी माणसं, एक आपोआपच यायची बंद झाली. मी आणि आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक मावशी, त्यांचेही गुडघे धरतात, रिक्षातून उतरताना माझा खांदा लागतो.

मागच्या महिन्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या मीटिंगमध्ये खर्चाचा विषय निघाला आणि एकांनी सरळ विचारलं की चार वर्षांत या सेवेतून किती माणसं मंडळीत आली. मी गप्प. एकही नाही आलं. ते काही वाईट बोलले असं नाही, त्यांना हिशेब ठेवायचा असतो, पण घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात. दोनशेच्या आसपास शनिवार झाले असतील. एकही माणूस दुसऱ्यांदा भेटत नाही, कारण पेशंट बरा झाला की लोक जातात, नाही झाला तरी जातातच. कोण कुठला काही कळत नाही.

आणि गेल्या शनिवारी एका बाबांनी एक घोट घेतला आणि ग्लास परत दिला, म्हणाले फिकी आहे. बस एवढंच. त्यांच्या घरात काय चाललंय कुणाला ठाऊक, त्यांची चूक नाहीच. पण संध्याकाळी डेगची घासताना तळाला करपलेलं निघेना आणि मी तिथंच मोरीत बसून रडले.

मी रोज प्रार्थना करते की प्रभू, एक तरी दाखव. एकच. म्हणजे मला कळेल हे तुझं काम आहे, माझा हट्ट नाही. काही दिसत नाही. म्हणून विचारते, फळ देणारा देव आहे असं म्हणून माणसानं किती दिवस करत राहायचं? कधी थांबायचं ते कसं कळतं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

तरुणसंघ_पिंपरी:

ताई, आधी एक सांगतो, मंडळीत किती आले हा या कामाला लावायचा प्रश्नच नाही. तुम्ही पहिल्या दिवशी ठरवलं ना की कुणाला काही विचारायचं नाही, मग चार वर्षांनी त्याच लोकांना मोजायला कसं जायचं. प्रभूनं थंड पाण्याच्या पेल्याबद्दल सांगितलं तेव्हा पिणारा पुढे काय झाला ते सांगितलेलंच नाही, देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही एवढंच सांगितलं.

माझं मत, बंद करू नका, पण दोघीच ओढू पण नका. तरुण संघातली दोन पोरं मागा, नुसती डेगची उचलायला. आमच्याकडे पोरं कामाला नाही म्हणत नाहीत, त्यांना कुणी सांगतच नाही.

---

निवृत्त_गुरुजी:

मुली, तुझं वाचून मला रेल्वेच्या डब्यातला तो माणूस आठवला. आपल्यातल्या पुष्कळांना ही गोष्ट माहीत असेल, तरी तुझ्यासाठी परत सांगतो.

१८९३ साल. कवी नारायण वामन टिळक रेल्वेनं राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा माणूस, त्यानं यांना बसायला जागा करून दिली, मग बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावर, भवभूतीवर. चांगल्या गप्पा झाल्या. उतरायच्या आधी त्यानं नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात दिली आणि म्हणाला की हे मन लावून वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल. टिळकांनी वाचायचा शब्द दिला, आणि शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथं अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता बघ, तो माणूस कोण होता हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. नाव नाही, गाव नाही. आणि त्यालाही बहुतेक कधी कळलं नसेल की आपण पुस्तक कुणाला दिलं. आज तू रविवारी गीतांचं पुस्तक उघडतेस तर पानोपानी टिळक आहेत, मराठी माणूस चर्चमध्ये अभंग आणि ओव्या म्हणतो तो त्यांच्यामुळे. एका डब्यात सरकून जागा देणं आणि एक पुस्तक, एवढंच त्या माणसाच्या हातून झालं. तोही घरी जाऊन म्हणाला असेल का की प्रभू, एक तरी दाखव? म्हणाला असेल तर त्याला दाखवलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. लग्नानंतर सिल्चरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं, बंगालीतलं. ते घरात आलं कसं हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नव्हतं. कुणीतरी छापलं, कुणीतरी वाटलं, कुणीतरी ठेवून गेलं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना तिथं आसरा मिळाला, रमाबाईंनी मूळ भाषांवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते पुस्तक वाटणाऱ्याला यातलं काय माहीत होतं?

मी बत्तीस वर्षं शब्बाथ शाळा घेतली, म्हणजे चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवलं. मला विचारलंस तर फळाची दोन-चार उदाहरणंच सांगता येतील, बाकीची पोरं कुठं गेली माहीत नाही. आधी याचं फार वाईट वाटायचं. पौलानं करिंथकरांना लिहिलं ना, मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, पण वाढवत आला देव. मला आता वाटतं ते वाक्य ओझं उतरवायला आहे. वाढवणं माझ्याकडे दिलेलंच नव्हतं, आणि मी बत्तीस वर्षं तेच डोक्यावर घेऊन फिरत होतो.

---

राहुरीचा_शेतकरी:

सलाम ताई. गुरुजींनी मोठ्या माणसांचं सांगितलं, मी माझ्या रानातलं सांगतो.

मार्काच्या चौथ्या अध्यायात ती गोष्ट आहे, माणूस बी टाकतो आणि रात्री झोपतो सकाळी उठतो आणि बी उगवतं कसं ते त्यालाच कळत नाही, जमीन आपोआप पीक देते, आधी अंकुर मग कणीस मग कणसात दाणा. हे वचन मी लहानपणापासून ऐकतोय पण "झोपतो" हा शब्द मला कर्ज झाल्यावर कळला. रब्बीची ज्वारी पेरली की पाऊस परत येतो का नाही म्हणून रात्र रात्र जागायचो, बायको म्हणायची तुम्ही जागे राहून ती काय लवकर उगवणार आहे का. त्या गोष्टीतला माणूस झोपलाय ताई. आळशी म्हणून नाही, पेरून दमलाय म्हणून झोपलाय.

पण एक आहे, झोपतो म्हणजे काहीच करत नाही असं नाही. वापसा, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही, हे बघूनच पेरणीची पाभर धरावी लागते, नुसता भरवसा आहे म्हणून चिखलात पेरलं तर बी कुजतं. पुढं कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवणं. आमच्याकडे म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, भेगा बुजल्या की ओल आत धरून राहते. तेवढं आपल्या हातात. दाणा भरणं आपल्या हातात नाही. मी कितीही कष्ट केले तरी कणसात एक दाणा मला भरता येत नाही, आणि ज्याला दाणा भरता येतो तो माझी कोळपणी करत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं मला वाटतं ते असं, थांबायचं का हे फळ बघून ठरवू नका. ओल बघून ठरवा. ती आजी अजून तांब्या घेऊन फिरते का? फिरत असेल तर रान अजून वापशावर आहे. उद्या दवाखान्यानं प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचं मशीन बसवलं आणि जेवणाची सोय केली तर आनंदानं डेगची घरी न्या आणि दुसरं काही काम बघा, त्यात देवाचा भरवसा मोडला असं काही नाही. आणि पेज फिकी असेल तर मीठ वाढवा. बाबा खरं बोलले असतील.

---

स्टाफनर्स_रात्रपाळी:

ताई मी सरकारी दवाखान्यात सतरा वर्षं ड्युटी करते, तुमच्या नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. आधी कामाचं बोलते मग बाकीचं.

पेज नातेवाइकांना द्या, पेशंटला सिस्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. ज्यांचं ऑपरेशन असतं त्यांना आम्ही उपाशी ठेवलेलं असतं, पोटात काही गेलं तर भूल देताना जिवावर बेततं, आणि नातेवाईक प्रेमानं दोन चमचे भरवतातच. शुगरवाले पण असतात. दुसरं, बाळंतिणीला गरम पाणी द्या, तिला प्यायला, हातपाय धुवायला, पण बाळाला पाजायला नाही. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. आज्या हट्टानं पाजतात. त्यांना तुमच्यासारख्या बाईनं शांतपणे सांगितलं तर ऐकतात, आमचं ऐकत नाहीत कारण आम्ही घाईत ओरडून सांगतो. हे एवढं दर शनिवारी चार बायकांना सांगितलंत तरी कुठल्या तरी बाळाचं पोट बिघडायचं वाचेल, आणि ते तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण जे झालंच नाही ते दिसणार कसं.

फळ दिसत नाही म्हणता त्यावर मला आमच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेली एक गोष्ट सांगायचीये. श्रीरामपूरची, म्हणजे आपलं नगरचं नाही, बंगालमधलं. मिशनरी विल्यम कॅरी १७९३ ला बंगालमध्ये आले, आणि सात वर्षं एकही बंगाली माणूस ख्रिस्ती व्हायला पुढे आला नाही. त्यांच्याबरोबर डॉ. जॉन थॉमस होते, ते तर त्यांच्याही आधीपासून बंगालमध्ये. प्रवचनं झाली, भाषांतरं झाली, काही नाही. १८०० च्या शेवटी शेवटी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. थॉमसनी तो बसवला. नुसता खांदा बसवला हो, आम्ही ऑर्थोच्या वॉर्डात रोज बघतो असलं काम. त्या निमित्तानं बोलणं वाढलं आणि २८ डिसेंबर १८०० ला हुगळी नदीत कृष्ण पालचा बाप्तिस्मा झाला, कॅरींच्या कामातला पहिला. थॉमसना तो आनंद सोसला नाही, त्यांच्या मनाचा तोल गेला आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्याच श्रीरामपूरच्या छापखान्यात १८११ ला मराठीतला नवा करार छापला गेला.

मला ही गोष्ट आवडते ती बाप्तिस्म्यासाठी नाही. थॉमस खांदा बसवायला गेले तेव्हा त्यांच्या मनात हिशेब नव्हता, समोर माणूस दुखण्यानं कळवळत होता म्हणून गेले. तुम्ही पण तांब्या बघून गेलात. तिथंच राहा ना.

आणि रडलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी लिननच्या खोलीत जाऊन रडते.

---

बीडकर_वाचक:

मी ख्रिस्ती नाही, इथं नुसता वाचायला येतो, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. चुकलं तर माफ करा.

आमचे वडील एका मोठ्या दवाखान्यात एकोणीस दिवस होते. त्या दिवसांत पुष्कळ लोक यायचे, कुणी फळं वाटायचं आणि फोटो काढायचं, आमच्या वडिलांच्या हातात केळं देऊन फोटो काढलेला मला अजून आठवतो, केळं घट्ट धरून बसलेले, कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. आणि एक बाई यायच्या, कोण होत्या माहीत नाही, तुमच्यातल्या होत्या का तेही माहीत नाही. त्या मोबाईल चार्ज करायचा एक्स्टेन्शन बोर्ड आणायच्या. वॉर्डात एकच प्लग चालू असायचा आणि त्यावर भांडणं व्हायची, तर त्या बोर्ड लावून दोन तास स्टुलावर बसून राहायच्या, लोक येऊन फोन लावायचे आणि घरी बोलायचे. कुणाला काही विचारायच्या नाहीत. मी त्यांना थँक्यू पण म्हटलं नाही, त्या वेळी डोकं जाग्यावर नव्हतं.

वडील गेले. पण तेव्हापासून मी कुणालाही दवाखान्यात भेटायला जाताना पिशवीत एक्स्टेन्शन बोर्ड नेतो. सहा वर्षं झाली. त्या बाईंना हे कळायचा काही मार्ग नाही. तुम्ही फळ कशाला म्हणता ते मला नीट माहीत नाही ताई, पण हे त्यात बसत असेल तर लिहून ठेवा. आणि एक, पेज देताना मोजणाऱ्या माणसाचा चेहरा लोकांना लगेच कळतो. तुमच्या लिहिण्यावरून तुमचा तसा नसणार.

---

तरुणसंघ_पिंपरी:

बीडकर दादा, बसतं. शंभर टक्के बसतं.

---

कणीची_पेज:

सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं. मावशींना फोनवर पण वाचून दाखवलं, बीडच्या दादांचं ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

मग म्हणाल्या, पाच भाकरी आणि दोन मासळ्या ज्या पोरानं दिल्या त्याचं नावसुद्धा योहानानं लिहिलेलं नाही. जवाच्या भाकरी होत्या, गरिबाच्या, आपल्या कणीसारख्या. पोरानं दिल्या आणि तो गर्दीत जाऊन बसला असेल, त्यालाही त्यातलाच तुकडा वाढून आला असेल. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं, त्यालाही वाढून आलं असेल हे. मावशी फार शिकलेल्या नाहीत पण बायबल त्यांचं पाठ आहे.

सिस्टर, बाळाला पाणी पाजायचं नसतं हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तर त्या आजीसाठी पाणी नेत होते तेच बाळाच्या दुधासाठी असं समजून. देवानं चार वर्षांत त्यातून काही वाईट होऊ दिलं नसेल अशी प्रार्थना केली काल रात्री. आता थर्मासवर कागद चिकटवते, मोठ्या अक्षरात, बाळाला फक्त आईचं दूध. आणि वॉर्डात जायच्या आधी सिस्टरना भेटून विचारायचं. इतकी वर्षं आम्ही बाहेरच्या बाहेर वाटून येत होतो, आतल्या माणसांना कधी विचारलंच नाही.

शेतकरी दादा, ओल अजून आहे. मी मुद्दाम बुधवारी जाऊन बघून आले. तळमजल्यावर पाण्याचं मशीन बसवलंय पण बंद पडलंय, वरच्या मजल्यांवर नाहीच. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर तीन बायका तांबे घेऊन उभ्या होत्या.

गुरुजी, तुम्ही म्हणालात ना की तो डब्यातला माणूस म्हणाला असेल का एक तरी दाखव. त्यावर मी पुष्कळ विचार केला. मी ती प्रार्थना थांबवलेली नाही, खोटं कशाला बोलू, मला अजून वाटतं की दिसावं. पण आता तिच्या आधी दुसरी करते, की ज्या ऐंशी जणांना काल पेज गेली त्यांना तू ओळखतोस, नावानिशी. मग माझी मागते.

पंचकमिटीला पत्र दिलं, त्यात सांगितलं की किती आले हे मी लिहू शकत नाही, किती ग्लास गेले ते लिहिते, आणि खर्चाची वही सोबत जोडली. उत्तर अजून आलेलं नाही. तरुण संघातल्या दोन पोरांना विचारलं, एक लगेच हो म्हणाला, दुसरा क्रिकेट संपल्यावर येतो म्हणाला. या शनिवारी दोघंही आले. डेगची त्यांनीच उतरवली, मावशींनाही त्यांनीच उतरवलं.

मीठ थोडं वाढवलंय, आणि तळाला लागू नये म्हणून कणी आधी तासभर भिजवली. ते बाबा या वेळी दिसले नाहीत.